कोरडं गोणपाट

"समुद्रावर जाऊ या," असं मी तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा माझ्या लेकीने मान तिरकी करून विचारलं, "बाबा, तुला पोहता येत नाही, वाळू पायाला लागली की तू चिडतोस, ऊन सहन होत नाही. मग समुद्र कशाला?"

ती सतरा वर्षांची आहे आणि आम्ही तिला वकीलसाहेब म्हणतो. तिच्यापुढे खोटं बोलायचं तर आधी तयारी करून बसावं लागतं, आणि मी काहीच तयारी केली नव्हती. तिने नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं त्या कोरड्या मुलखावर. जुने किल्ले, खोल विहिरी, रंगवलेल्या खोल्या.

"ऐन उन्हाळ्यात तिथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही," मी म्हणालो.

"तुला कसं माहीत?"

उत्तर बायकोनेच देऊन टाकलं. "अगं, तुझा बाबा लग्नाआधी तिथेच तर होता कामाला! एका किल्ल्याची भिंत दुरुस्त करत होते ते लोक." तिचा चेहरा एकदम फुलला. "चला, तिथेच जाऊ. मलाही बघायचंय एकदा."

झालं. घरात माझं मत विचारायची पद्धत आहे, मोजायची नाही.

माझा धंदा फरशा बसवण्याचा. हाताखाली नऊ माणसं आहेत, शहरात बऱ्यापैकी नाव आहे. मी सुट्टीवरसुद्धा लोकांच्या घरातली फरशी बुटाने दाबून बघतो, त्यावरून घरचे माझी टर उडवतात. पण मी मुळात चुन्यातला गवंडी, हे आता फारसं कुणाला माहीत नाही. तसं सांगितलं की लोक हटकून विचारतात, कुणाकुणाला चुना लावलात? मी हसतो. बावीस वर्षं हसतोय.

गाडीतल्या थंड हवेने दुसऱ्याच दिवशी मान टाकली. बायकोने टॉवेल ओला करून खिडकीच्या काचेत अडकवला. अर्ध्या तासात तो वाळून कडक व्हायचा, की ती पुन्हा बाटलीतलं पाणी शिंपडायची. मला ते बघवत नव्हतं. "राहू दे ना," मी खेकसलो.

"अरे, वाळला की उपयोग काय त्याचा?" ती म्हणाली.

खरं होतं. तेच तर माझ्याइतकं कुणाला कळणार होतं.

मग तिने लेकीला ती गोष्ट सांगायला घेतली. आमच्या घरात ती गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर मिळते. आमचं जमलं होतं, पण तिच्या वडिलांना गवंडी जावई नको होता. दुसरं स्थळ बघायला येणार असं तिने मला कळवलं आणि मी भर उन्हाळ्यात, काम सोडून, तीन बस बदलून तिच्या दारात येऊन उभा राहिलो. तोंड उन्हाने रापलेलं, नखांत चुना. एका दिवसासाठी म्हणून आलो आणि चार दिवस हललो नाही. चौथ्या दिवशी तिचे वडील म्हणाले, याला आता आत तरी घ्या.

"बाबा, तू असला होतास?" लेक मागून म्हणाली. "चार दिवस? आणि काम?"

"कामाचं काय," बायको म्हणाली, "काम कुठे पळून जातंय."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. त्या चार दिवसांचा उरलेला अर्धा भाग मी आजवर कुणालाही सांगितला नव्हता.

तो असा. आम्ही किल्ल्याच्या एका खोलीची बाहेरची भिंत सांधत होतो. आतल्या बाजूला जुनी चित्रं, म्हणून सिमेंट वापरायचं नाही, फक्त चुना, अशी सक्त ताकीद. काम थोरल्या मिस्त्रींचं होतं. त्या भागात चुन्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती. विहिरीचं पाणी ते आधी जिभेवर घेऊन बघायचे, खारट लागलं की घडा ओतून द्यायचे. मी त्यांचा उजवा हात. मला सगळ्याची घाई, म्हणून त्यांनी माझं नाव घाईमास्तर ठेवलं होतं. ते चुनखडीचा नवीन दगड निवडायला भट्टीवर गेले आठ दिवसांसाठी. जाताना मला एकच काम सांगून गेले. "भिंतीवरचं गोणपाट ओलं ठेव. दिवसातून सहा वेळा. बाकी काही करू नकोस, घाईमास्तर. फक्त पाणी मार."

मी दोन दिवस मारलं. मग चार दिवस भिंतीपाशी नव्हतोच.

परत आलो तेव्हा गोणपाट कडक वाळलेलं होतं. खालचा चुना नख लावलं की पिठासारखा झडत होता. दोन दिवसांनी मिस्त्री येणार, त्याच दिवशी पुरातत्त्व खात्याच्या कचेरीतले साहेब तपासायला येणार. तो सगळा चुना काढून पुन्हा भरायचा तर तीन आठवडे गेले असते आणि का ते सांगावं लागलं असतं. मी रस्त्याच्या कामावरून तीन पोती सिमेंट आणलं. गुडघ्यापर्यंतच्या भागात दगडांच्या मधे ते ठासून भरलं आणि वरून मिस्त्रींनी मळून ठेवलेल्या चुन्याचा पातळ हात फिरवला. भिंत अशी दिसत होती की साहेबांनी पाठ थोपटली. मिस्त्रींची.

सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि तिला सापडते ती चित्रांची बाजू. पाच वर्षांनी आतून लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटला, रंग पापुद्रे धरून गळायला लागला. चौकशी लागली. तोवर माझं लग्न होऊन शहरात जम बसला होता. मला एक पत्र आलं, कामाची हकीकत कळवा म्हणून. मी चार ओळी लिहिल्या. मिश्रण मिस्त्रींच्या मापाने केलं होतं. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे काम केलं. माझ्या देखत काही चूक झाली नाही. आपला विश्वासू. मिस्त्रींचं नाव कचेरीच्या यादीतून कायमचं कमी झालं, हे मला नंतर उडत उडत कळलं.

खरं सांगतो, गाडीत बसल्या बसल्या मी मनात म्हटलं, म्हातारा गेलेला असला तर बरं. आणि मग माझीच मला इतकी किळस आली की मी गाडी बाजूला घेतली. बायकोला वाटलं मला ऊन लागलं. तिने तोच ओला टॉवेल माझ्या मानेवर ठेवला.

*

किल्ला लहानसाच आहे. सकाळी साडेनऊला पहिला गट निघतो, कारण अकरानंतर दगडावर पाय ठेवता येत नाही; बाकीचे गट ऊन उतरल्यावर. आमच्या गटात बारा-चौदा जण होते. माहिती सांगणारी बाई तिशीची, सडपातळ, डोक्याला मोठी टोपी. प्रत्येक थांब्यावर बोलून झालं की टाचा उंचावून विचारायची, "मागच्यांना ऐकू आलं?" मागच्यांनी हात वर केल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

मी सगळ्यात मागे होतो, काळा चष्मा लावून. आता पोट सुटलंय, डोक्यावरचे केस गेलेत. मला इथे कोण ओळखणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

चित्रांच्या खोलीत गारवा होता. समोरच्या भिंतीवर वर राजा घोड्यावर बसलेला, तसाच, टवटवीत. मधे बाग. आणि त्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर, किल्ला बांधणारी माणसं होती. होती म्हणजे तेव्हा होती. डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई, दगड फोडणारे दोघे, आणि एक डोळा मिटून ओळंबा धरलेला गवंडी. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवायचो. आता तिथे पांढरट, फुगलेला, फोडांनी भरलेला पट्टा होता. गवंडी नव्हता. त्याच्या ओळंब्याची बोटभर दोरी तेवढी राहिली होती.

"राजे सगळ्याच किल्ल्यांत सापडतात," ती बाई म्हणाली. "बांधणाऱ्यांचे चेहरे फक्त इथेच होते. बावीस वर्षांपूर्वी मागच्या भिंतीची दुरुस्ती झाली. त्या कारागिराच्या चुन्यात खोट होती. त्यामुळे हे नुकसान झालं." जराही न अडखळता, पाठ केल्यासारखं ती बोलली. मग टाचा उंचावल्या. "मागच्यांना ऐकू आलं?"

मला हात वर करता आला नाही.

गट बाहेर पडला. मी मागे रेंगाळलो, बाहेरून वळसा घालून मागच्या भिंतीकडे गेलो आणि सवयीने बोटाच्या मागल्या पेराने ती वाजवली. वर बद्द आवाज. खाली, गुडघ्याशी, टणक आणि खणखणीत. माझी तीन पोती अजून जशीच्या तशी आत होती.

"भिंतीला हात लावायचा नाही," मागून आवाज आला. मग ती बाई दोन पावलं पुढे आली. "अशी भिंत गवंडीच वाजवतात."

"अहो, गवंडीच आहे तो!" माझी बायको कुठूनशी उगवली. "याच किल्ल्यावर काम करत होता. बावीस वर्षांपूर्वी!" तिला कोण आनंद झाला होता.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढला. न काढून करतो काय.

"घाईदादा?" ती म्हणाली.

आणि मग मलाही ती दिसली. आठ वर्षांची, दोन वेण्या, हातात पत्र्याचा डबा. शाळा सुटली की बापामागे भिंतीवर पाणी मारायला यायची. मिस्त्रींची मुलगी.

"बाबा रोज आठवण काढतात तुमची," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चला घरी. आत्ताच्या आत्ता चला."

"तो कारागीर म्हणजे तुमचे वडील?" लेकीने विचारलं. वकीलसाहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही. "मग तुम्ही रोज असं कसं सांगता?"

"कचेरीने मजकूर लिहून दिलाय. मी एकदा ते वाक्य गाळलं होतं, तर बाबाच रागावले. म्हणाले, चूक झाली ती झाली, लपवायची नाही."

*

घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या आणि मागे अंगण, त्यावर पत्र्याची सावली. मिस्त्री आत बाजेवर पडले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अंगावर मांस असं राहिलेलंच नाही, एका डोळ्यावर पडदा आलेला. मुलीने कानाशी वाकून सांगितलं तसे ते उठून बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"घाईमास्तर! आलास? मला वाटलं, तुला यायला कसली सवड मिळणार."

मी पायांशी वाकलो. त्यांनी माझे हात धरले आणि अंगठ्याने तळवे चाचपले. "मऊ पडले की रे," म्हणाले, आणि हसले. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही लाज वाटत होती, कारण बायको ते कौतुकाने बघत होती.

पाणी झालं, सरबत झालं, बायकोची ओळख झाली. "हीच का ती?" त्यांनी विचारलं. "हिच्यासाठी पत्रं लिहीत बसायचास." सगळे हसले. मग ते म्हणाले, "चल, तुला काम दाखवतो. तुझीच वाट बघत होतो."

अंगणात पत्र्याखाली फळ्या मारलेल्या होत्या, भिंतभर. फळ्यांवर चुन्याच्या लाद्या. वीतभर लांब, चार बोटं रुंद. प्रत्येक लादीवर ओली असताना खिळ्याने तारीख कोरलेली. भट्टी कोणती, विहीर कोणती, वाळू कुठली, किती दिवस भिजवला.

"एकशे सोळा आहेत," त्यांची मुलगी म्हणाली. "चौकशी झाली त्या वर्षापासून करतायत. दुसरं काम तर कुणी दिलं नाही."

मिस्त्रींनी एक लादी उचलून माझ्या हातात दिली. "नख लाव."

मी लावलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"ही बघ." दुसरी दिली. तीही तशीच. तिसरी. चौथी. ते माझ्या हातात लाद्या देत गेले आणि मी घेत गेलो. "सगळ्या अशाच निघतात. त्याच भट्टीचा दगड, त्याच विहिरीचं पाणी, तेच माप. जास्त वाळू घालून बघितली, कमी भिजवून बघितला, मुद्दाम बिघडवायचा म्हणून केला तरी इतका बिघडत नाही. मग तिथेच काय झालं?" त्यांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "सतरा वर्षं डोकं फोडतोय. त्या वेळी मळताना तू होतास माझ्याबरोबर. आणखी कुणी नव्हतं. तू सांग, घाईमास्तर. माझं काय चुकलं?"

माझ्या दोन्ही हातांत लाद्या होत्या. मागे बायको होती, लेक होती. आणि मी काय केलं ते ऐका. मी पुन्हा खोटं बोललो.

"पाणी," मी म्हणालो. "मिस्त्री, मला वाटतं पाणी खारट झालं असेल. त्या वर्षी विहीर फार खाली गेली होती. तळाचं पाणी आलं असेल. त्यात तुमचा काय दोष?"

मला वाटलं, याने त्यांना बरं वाटेल. आणि मीही सुटेन. दोन्ही कामं एका वाक्यात होतील, इतका हिशेब माझ्या डोक्याने तेवढ्यातही केला.

मिस्त्री खाली बसले, फळ्यांना पाठ टेकून. मग स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"पाणी तर मी चाखायचो," ते म्हणाले. "प्रत्येक घडा. म्हणजे मला खारट कळलं नाही. म्हणजे माझी जीभ तेव्हाच गेली होती." त्यांनी मान हलवली. "आणि तीच जीभ घेऊन मी या एकशे सोळा लाद्यांचं पाणी चाखत बसलो. म्हणजे यांवरही भरवसा नाही." मग मुलीकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाले, "हे सगळं टाकून दे गं. जागा तरी मोकळी होईल."

ती "बाबा, असं काय करता," म्हणत पुढे आली, तर त्यांनी हातातली लादी तिच्या हातात दिली. माझ्यात काहीतरी तुटलं. या माणसाकडून मी काम घेतलं, नाव घेतलं, सतरा वर्षं घेतली, आणि आता जीभही घ्यायला निघालो होतो.

"टाकू नका," मी म्हणालो. "पाणी गोड होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पाणी गोड होतं, चुना चांगला होता. तुम्ही भट्टीवर गेलात तेव्हा मी चार दिवस गोणपाटाला पाणी मारलं नाही. मी इथे नव्हतोच. चुना झडायला लागला. मी तो काढला आणि खाली सिमेंट भरलं. वरून तुमच्या चुन्याचा हात फिरवला. चौकशीचं पत्र आलं तेव्हाही मी तुमचंच माप पुढे केलं." मी एका दमात बोललो, कारण थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

पत्र्यावर उन्हाचा तडतड आवाज येत होता. मिस्त्रींनी विचारलं, "किती?"

"काय?"

"किती पोती?"

"तीन."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. भिंतीची लांबी, गुडघ्याची उंची. "हां," म्हणाले. "तीन बसतील." मग त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "म्हणजे चुना चांगला होता," ते मुलीला म्हणाले. "ऐकलंस का? चुना चांगला होता."

ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "मी ते वाक्य दिवसातून चार वेळा म्हणते," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. दिवसातून चार वेळा मी लोकांना सांगते की माझ्या बापाच्या कामात खोट होती. तुम्ही मला लिमलेटच्या गोळ्या आणून द्यायचात, दादा."

मी म्हणालो, "मला माफ—"

"नको," ती म्हणाली. "इथे घरात नको. उद्या साडेनऊला पहिला गट आहे. त्या भिंतीसमोर उभं राहून सांगा. ते वाक्य उद्या मी म्हणणार नाही."

मिस्त्रींकडे मी आशेने पाहिलं, हे कबूल करतो. वाटलं, म्हणतील, जाऊ दे गं, झालं गेलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. एकेक लादी हातात घेऊन, फडक्याने पुसून, पुन्हा जागेवर ठेवत होते.

*

दुपारभर आम्ही मुक्कामाच्या खोलीत बसलो. पंखा फिरत होता. लेकीने विचारलं, "पत्रात काय लिहिलं होतंस? शब्द न् शब्द सांग." मी चारही ओळी म्हणून दाखवल्या. मला त्या पाठ आहेत. तिने ऐकून घेतल्या आणि उठून गच्चीत गेली. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

बायको पलंगाच्या कडेवर बसून होती. "ते चार दिवस," ती म्हणाली. "तेच का?"

"तेच."

"मी ती गोष्ट वीस वर्षं सगळ्या जगाला सांगतेय."

"हो."

"आणि तू शेजारी बसून ऐकायचास. हसायचास."

"हो."

"माझं सगळ्यात चांगलं होतं रे ते," ती म्हणाली. "आता मी कुणाला सांगू ते?" ती रडली नाही. खिडकीतला वाळलेला टॉवेल काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मी तिच्या जवळ जायला उठलो, तर तिने हातानेच बस म्हणून खूण केली. मी बसलो.

सकाळी मला वाटलं होतं की मी एकटाच जाईन. पण दोघी माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या.

गटात सोळा जण होते. दोन लहान मुलं, एक म्हातारं जोडपं, बाकी आमच्यासारखेच घामाघूम सुट्टीवाले. चित्रांच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याला लागून, मिस्त्री खुर्चीवर बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा, केस विंचरलेले. मुलीने त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं होतं. सतरा वर्षांत ते या खोलीत आले नव्हते, हे मला नंतर कळलं.

तिने राजा सांगितला, घोडा सांगितला, बाग सांगितली. राजे सगळ्याच किल्ल्यांत सापडतात, हेही सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी मागच्या भिंतीची दुरुस्ती झाली, म्हणाली, आणि थांबली. "पुढचं हे सांगतील."

लोक माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं असेल, हा कुणी तज्ज्ञ. मी त्या पांढऱ्या पट्ट्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या बुटाशेजारी ती बोटभर दोरी होती. सांगायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना. गोणपाट सांगितलं. चार दिवस सांगितले. कुठे गेलो होतो तेही सांगितलं, आणि बायकोने मान खाली घातली. तीन पोती सांगितली, पत्र सांगितलं. एका बाईने तोंडावर हात ठेवला. लेक सरळ माझ्याकडे बघत होती. तिने एकदाही नजर काढली नाही.

"ज्यांच्यावर ठपका आला, त्यांचा यात काही दोष नव्हता," मी शेवटी म्हणालो. पुढचे शब्द जेमतेम बाहेर आले. "त्यांचा चुना चांगला होता."

मी जागेवरून हलणार, तेवढ्यात दारातून मिस्त्रींचा आवाज आला. त्यात राग नव्हता. काम नीट झालं नाही की ते आम्हाला पुन्हा करायला लावायचे, तोच आवाज होता.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी पुन्हा भिंतीसमोर उभा राहिलो आणि पुन्हा म्हणालो, मोठ्याने. मग खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांत मागे, दारातल्या खुर्चीवर, एक हात वर झाला होता.